वर आला

"दाउरेनपुढे 'मृत' लिही," इंजिनियर सागिंदिक अकमरालकडे न बघताच म्हणाला. "बाकी सगळे वर आले. चौथ्या भुयारात तो एकटाच राहिला. त्या वायूत माणूस टिकत नाही, पोरी. आग आटोक्यात आली की देह आणायला पथक पाठवतो."

तो खाणीकडे परत गेला. अकमरालने नवऱ्याच्या नावापुढे तो शब्द स्वतःच्या हाताने लिहिला. काय हे नशीब! खाणीत कोण खाली, कोण वर, याची कचेरीतली एक्सेल शीट तिच्याकडे. बटण दाबलं की शीटमधले बदल आपोआप ऑनलाइन यादीत जात. सकाळच्या स्फोटापासून सारं गाव त्या यादीला डोळे लावून बसलं होतं. तिने बटण दाबलं नाही.

फोन वाजला. सासूबाई.

"अगं, दाउरेनपुढे अजून 'खाली'च दिसतंय. तुझं ते यंत्र झोपलंय का?"

"नेट अडकतंय, आई."

"बघ गं बाई लवकर. तिसरा चहा गार झाला माझा."

कझाक घरात मरणाची बातमी अशी कुणी देत नाही. थोरली माणसं येतात, शेजारी बसतात, इकडचं तिकडचं बोलत मन तयार करतात, मग सांगतात. आणि काळजाचं दुखणं असलेल्या या बाईने एकुलत्या लेकाचं मरण फोनवर वाचायचं?

तिने दाउरेनच्या थोरल्या काकांना फोन लावला.

"तासाभरात तुझ्या सासूकडे पोचतो, मी सांगतो तिला," काका म्हणाले. "तोवर तिला कळू देऊ नकोस."

तासाभराचाच तर प्रश्न. तिने 'मृत' खोडून 'वर आला' लिहिलं आणि बटण दाबलं.

"आला गं माझा वाघ!" सासूबाई फोनवर रडत होत्या, हसत होत्या. "घोड्याचं मांस शिजायला टाकते. उपाशी असेल."

"हो, आई," अकमराल म्हणाली आणि तोंडात पदर कोंबावा तसा रुमाल कोंबून रडली.

तासाने काकांचा निरोप आला, दाराशी पोचलोय. पुन्हा 'मृत' लिहायला तिने शीट उघडली. तेवढ्यात सागिंदिक आत आला, काजळीने माखलेला, पण चेहरा उजळलेला.

"दाउरेन दुसऱ्या वाटेने निघाला होय, पठ्ठ्या! खाणीच्या तोंडाशी यादी उघडली आणि जिवात जीव आला बघ. पथकातले हटून बसले होते, चौथ्या भुयारात कुणीतरी पाइप ठोकतंय म्हणून. मी यादीच दाखवली त्यांना. म्हटलं, खाली कुणी उरलेलंच नाही, पाइप तापून वाजत असेल, आग विझवायला सोडा पाणी."

त्याने टोपी काढून घाम पुसला.

"भुयार भरलं, तसं ठोकणंही थांबलं."