बर्फावरची कुत्री

लातूर जिल्हा नवा झाला, दुष्काळ मात्र जुनाच राहिला. त्या मार्चात निलंग्याजवळच्या एका शाळेत शिवमूर्ती गुरुजी बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचा धडा शिकवत होते. स्वतः त्यांनी बर्फ पाहिला होता तो जत्रेतल्या गोळ्यातच.

"थकलेल्या कुत्र्याची उपमा देऊन वाक्य करा," ते म्हणाले.

सातवीतली पंचशीला उठली. "थकलेल्या कुत्र्यासारखी माझी माय काल रोजगार हमीच्या कामावर खाली पडली."

"व्वा! काय उपमा हाय! आता धड्यातलं सांग. थकलेल्या कुत्र्याचं काय करतात?"

"त्याला गाडीत निजवतात. बाकीची कुत्री ओढत ओढत त्याला घरी आणतात."

"मग मायलाबी तसंच आणलं असंल की!" गुरुजी हसले.

"न्हाई गुरुजी, ती चालतच आली. मुकादम म्हणला, टोळीत एक माणूस कमी झालं तर सगळ्यांचंच काम बंद."

पंचशीलाने वही मिटली.


"उद्यापास्नं मायच्या जागी मी हाय. हजेरीत माझं नाव पुकारू नका, गुरुजी."