तारा नावाची फाइल

"ईशू, तो तारा पुसून दे गं," अण्णा म्हणाले. मी दोन दिवसांसाठी बनारसला वडिलांकडे आले होते आणि पहिल्या चहालाच हे काम निघालं. अण्णांनी स्कॅन केलेल्या दोनशे बारा पोथ्यांच्या फोल्डरात एक रिकामी फाइल होती. तिचं नाव नुसतं *.

"अण्णा, कमांडमध्ये ताऱ्याचा अर्थ 'सगळ्या फाइली' असा होतो. तशीच पुसली तर पोथ्याही जातील. एकेक विचारून पुसायला सांगते."

संगणकानं पहिलाच प्रश्न ताऱ्याचा विचारला. मी 'हो' दिलं आणि उठू लागले.

"जल्दी कसली? संकल्प सोडल्यावर मधेच उठत नाहीत," अण्णा म्हणाले. पन्नास वर्षं पौरोहित्य केलेला माणूस.

मग संगणक एकेका पोथीचं नाव घेऊन 'पुसू का?' विचारत गेला. अण्णा दर वेळी "नको" म्हणत आणि ती कुणी, कुठे बसून उतरवली ते सांगत. आजोबांनी भोसले घाटावर लिहिलेल्या पोथीला तर अर्धा तास लागला. जेवायला चार वाजले.

ताऱ्याभोवती अवतरणचिन्हं टाकली असती तर एका ओळीत काम आटोपलं असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. निघताना एवढंच म्हटलं, "अण्णा, पुढच्या वेळी तारा चार दिवस आधी करून ठेवा. फाइल कधी केली ती वेळही संगणक दाखवतो. ही झाली मी आले त्याच पहाटे पाचला, मी स्टेशनवर उतरत होते तेव्हा."