तुमचं उद्या घेऊ

"आमचे मालक कुठं हायेत ह्यात?" दुर्गाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

पॅकिंगच्या शेडमध्ये त्या दिवशी नुसती जत्रा होती. पिंपरीतल्या त्या कंपनीला चौऱ्याहत्तर साली दहा वर्षं झाली, म्हणून कंपनीची फिल्म काढली होती. ती संध्याकाळी मैदानावर दाखवायची, आणि त्याआधी कामगारांच्या घरच्यांना फिल्म कशी बनते ते दाखवायचं, अशी कुणा साहेबाच्या डोक्यातून निघालेली कल्पना. शेडमध्ये मोठाले दिवे होते, रुळांवरून सरकणारा कॅमेरा होता, आणि समोरून घर नि मागून नुसत्या फळ्या नि खिळे अशी एक भिंत होती. भिंतीमागे डोकावून आलेल्या बायका हसून हसून बेजार झाल्या होत्या. दुर्गाबाई हसल्या नव्हत्या. त्या काळेवाडीहून चालत आल्या होत्या त्या फक्त दत्तोबांना बघायला.

दत्तोबा चैत्रात काविळीनं गेले. पंधरा वर्षांच्या संसारात दोघांनी एकही फोटो काढला नव्हता; आज काढू, उद्या काढू, यातच राहिलं. कंपनीचा बिल्ला पितळी, त्याच्यावर नंबर असतो, चेहरा नसतो. पण जाण्याआधी दोन महिने त्यांनी घरी सांगितलं होतं, कंपनीच्या फिल्ममध्ये मी आहे म्हणून.

लोकांना फिरवून आणायचं काम प्रभाकरकडे होतं. प्रभाकर ऑफिसातला क्लार्क. गोरा, भांग नीट पाडणारा. बाईंचा प्रश्न त्यानं दोनदा टोलवला होता. तिसऱ्यांदा टोलवायला जागा उरली नाही, कारण समोरच फिल्म जोडायचं टेबल होतं, आणि टेबलामागचा जयसिंग हा मुंबईहून आलेला भलताच उत्साही माणूस होता.

"लेथवर होते का? मग हे बघा," म्हणत त्यानं चाक फिरवलं.

वीतभर काचेवर प्रभाकर उमटला. इस्त्रीचा शर्ट, लेथपाशी ताठ उभा, हसरा. मग नुसते दोन हात आले. एक हँडल फिरवत होता, दुसऱ्यात तेलाचा ब्रश होता आणि त्याच्या मनगटावर घड्याळ. मग पुन्हा प्रभाकर.

दुर्गाबाई पुढे वाकल्या. "हात ह्येंचेच हायेत. अंगठ्याचं नख बगा, फाटल्यालं. पर घड्याळ कुनाचं? मशीनवर घड्याळ घालत न्हाईत, मालकच म्हनायचे."

"अहो, तीच तर गंमत!" जयसिंग खुलला. "ह्या साहेबांना मशीन कुठं चालवता येतंय? म्हणून तोंड साहेबांचं, हात तुमच्या मालकांचे. साहेबांचंच घड्याळ घटकाभर त्यांच्या हातावर चढवलं. बघणाऱ्याला एकच माणूस वाटतो. जमलंय की नाही?"

जमलं होतं, फारच छान जमलं होतं. प्रभाकरला मात्र तिथून पळून जावंसं वाटलं.

"आन् त्येंचं तोंड? त्ये काढलंच न्हाई?"

"काढलं होतं की. दिवे बघायला पहिला तुकडा त्यांचाच घेतला. छान हसले होते. पण दाढी वाढलेली, शर्टाला तेल. इथूनच सांगितलं, असा माणूस नको." 'इथून' म्हणताना जयसिंगनं प्रभाकरकडे पाहिलं नाही, एवढी त्याची दया. "तसले तुकडे आम्ही ठेवत नाही, बाई. चांदी काढणाऱ्याला देऊन टाकतो. फिल्ममधून चांदी निघते."

मॅनेजरनं प्रभाकरला नीटनेटका माणूस शोधायला सांगितलं होतं. त्यानं स्वतःलाच शोधलं होतं.

दुर्गाबाई त्याच्याकडे वळल्या. रागानं नव्हे, नवऱ्याच्या ओळखीचा माणूस भेटल्यावर सांगावं तसं त्या सांगू लागल्या. "तुमीच म्हनला व्हता ना सायेब, दाढी करून या, तुमचं उद्या घेऊ? दुसऱ्या दिशी मालकांनी पाटंच दाढी केली. शेजारनीची इस्त्री आनून मी शर्टावर फिरवली. सांजच्याला आले आन् म्हनले, निघालं माझं..." बोलता बोलता त्यांनी वळून काचेकडे पाहिलं.

प्रभाकरला तो दुसरा दिवस आठवत होता. फिल्मवाले आदल्या संध्याकाळीच मुंबईला गेले होते. दत्तोबा गुळगुळीत दाढी करून लेथपाशी उभे होते, शर्टावर तेल उडू नये म्हणून पुढे पोतं बांधून. शिफ्ट सुटेपर्यंत दारात कुणी आलं की मान वर करत होते. प्रभाकर दोनदा तिथून गेला. सांगू, सांगू म्हणत तसाच पुढे गेला. एका वाक्याचं काम होतं. तेवढंही त्याच्याच्यानं झालं नाही, आणि याची आज त्याला मनापासून लाज वाटली.

"वहिनी, चुकलं माझं," तो म्हणाला. "फार चुकलं."

"असू द्या," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि जयसिंगला म्हणाल्या, "परत लावा."

जयसिंगनं पुन्हा लावलं. प्रभाकर दिसला तशी दुर्गाबाईंनी पदर सावरून मान खाली घातली, परक्या पुरुषासमोर घालतात तशी. हात आले, मान वर झाली. पुन्हा प्रभाकर, पुन्हा मान खाली. चार वेळा लावलं आणि चारही वेळा तसंच झालं. मागे रांगेतल्या बायका कुरकुरायला लागल्या होत्या.

"अजून एकदा?" जयसिंगनं विचारलं.

"लावा. पर ह्या सायबांचं तोंड तेवढं काढून लावता येतंय का?"