कुंपणाबाहेरची जास्वंद

भास्कररावांचा हात जास्वंदीच्या फांदीवर होता, तेवढ्यात त्यांना तो डोळा दिसला. दाराशेजारी, बेलच्याच डबीत बसवलेला, काळा, वाटोळा आणि सरळ त्यांच्याकडे बघणारा. त्यांनी हात मागे घेतला. पण देठ आधीच मोडला होता. मग फूल पिशवीत टाकून ते नुसतेच फिरायला निघालेल्या माणसासारखे चालू लागले.

पुण्यात उभा जन्म त्यांनी पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं होतं. हक्क आणि कर्तव्यं तोंडपाठ. परदेशात, स्प्रिंगफील्ड लेक्सला मुलाकडे राहायला आल्यावर मात्र त्यांची पंचाईत झाली. इथे देव चादरी-टॉवेलांच्या कपाटात आणि देवांना प्लास्टिकचा हार. हे काही त्यांच्या मनाला पटेना. एक दिवस सकाळी फिरताना कोपऱ्यावरच्या घराची लालभडक जास्वंद कुंपणावरून फूटपाथवर वाकलेली दिसली आणि त्यांनी मनातल्या मनात एक कलम रचलं. कुंपणाबाहेर आलेलं फूल सार्वजनिक. आत हात घालायचा नाही, बस्स. सून चिन्मयीने विचारलं, "बाबा, एवढी ताजी फुलं कुठून आणता?" तेव्हा ते बोलून गेले, "ओळखीच्या एक बाई आहेत, त्या देतात."

आता त्या डोळ्याने त्यांची झोप उडवली. फुलांचं एक वेळ सोडा, पण सासरे सुनेशी धडधडीत खोटं बोलले हे बाहेर आलं असतं. फुलं आणणं थांबवावं, तर गणपतीला आता सवय झाली होती, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा दुसऱ्या दिवसापासून ते कानटोपी घालून, ती पार भुवयांपर्यंत ओढून जाऊ लागले. सगळी गल्ली हाफपँटवर हिंडत असताना कानटोपीतला एकच माणूस किती उठून दिसतो, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

शेवटी जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे निनाद, इथे रस्त्याने जाणाऱ्या माणसाचं शूटिंग करता येतं का?"

निनाद आयटीतला. प्रायव्हसी हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. त्याने चमचा खाली ठेवला. "येतं, बाबा. फूटपाथ म्हणजे पब्लिक प्लेस. तिथे जे दिसतं ते जनरली कोणीही शूट करू शकतं. पण का?"

भास्कररावांना आपलंच कलम आपल्यावर उलटल्यासारखं वाटलं. "काही नाही रे. त्या कोपऱ्यावरच्या घराला कॅमेरा दिसला."

"मॉरीनकडे? म्हणजे तुम्ही रोज वॉकला जाता ते सगळं रेकॉर्ड होतंय? लीगल असेल, पण माझ्या वडिलांनी काय गल्लीतून दबकत चालायचं? उद्या सॅटर्डे आहे. बोलूनच येऊ."

भास्कररावांनी सकाळी गुडघा दुखतोय म्हणून सांगून पाहिलं. कोपऱ्यापर्यंत जायला निनादने गाडी काढली.

मॉरीन सत्तरीची, एकटी राहणारी. चहाचा मग घेऊन दारात आली. निनादने बाबांचं नाव सांगून अगदी नम्रपणे मुद्दा मांडला. भास्करराव जास्वंदीकडे पाठ करून उभे होते.

"पार्सलं चोरीला जायची, म्हणून बसवला कॅमेरा," मॉरीन म्हणाली. ती अर्थातच इंग्रजीत बोलत होती आणि एरवी तिचे उच्चार भास्कररावांच्या डोक्यावरून गेले असते. त्या दिवशी त्यांना शब्द न् शब्द कळला.

"माझे बाबा दिसतात त्यात?" निनादने विचारलं.

"दिसतात की. रोज."

"मी बघू शकतो?"

मॉरीनने खिशातून फोन काढला. भास्करराव आणखी मागे, जास्वंदीपाशी सरकले. ज्या मुलाला आपण दुसऱ्याच्या पेन्सिलीलाही हात लावू दिला नाही, तो आता आपल्याला पिशवी भरताना बघणार. मॉरीनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या मागच्या फांदीकडे पाहिलं. मग फोन परत खिशात ठेवला.

"नाही, निनाद. ते फूटपाथवर होते म्हणून माझ्या कॅमेऱ्यात आले. पण एखादी गोष्ट फूटपाथवर आली म्हणून ती कोणाचीही होत नाही. आधी विचारावं लागतं. हो ना, भास्कर?"

"येस," भास्करराव म्हणाले. आवाज शेवटच्या बाकावरून आल्यासारखा आला.

परत येताना निनाद खूश होता. "बघा बाबा, किती सेन्सिबल बाई आहे. प्रायव्हसी म्हणजे काय ते कळतं तिला."

इतकी लाज भास्कररावांना आजवर कधी वाटली नव्हती आणि इतकं हलकंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कानटोपी घरीच ठेवली. केस नीट विंचरले. फांदीकडे न बघता थेट दारापर्यंत गेले, कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहिले आणि बेल दाबली. दार काही उघडलं नाही. त्या डबीतूनच आवाज आला, "मॉर्निंग, भास्कर."

रात्रभर घोकलेलं वाक्य त्यांनी एका दमात म्हणून टाकलं. "गुड मॉर्निंग मॅडम, मे आय टेक सम फ्लॉवर्स फॉर माय गॉड?"

डबी म्हणाली, "घ्या की. कुंपणाच्या आतली जास्त छान आहेत. फाटक नुसतं लोटलेलं असतं."

ते घरी येऊन कपाट उघडून देवांना फुलं वाहत होते, तेव्हा चिन्मयी कॉफीचा मग घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"आज केवढी आणलीत, बाबा. त्याच ओळखीच्या बाईंनी दिली का?"

"हो," भास्करराव म्हणाले. "आजच ओळख झाली."