मागच्या चाकाचं वजन

“ही देऊन ती घ्यायची,” मुलगी म्हणाली आणि बाबांची सायकल तिने मिस्त्रीच्या अंगावर जवळजवळ ढकललीच. भिंतीवर बोटाएवढ्या बारीक टायरची एक सायकल टांगलेली होती, तिच्याकडे तिने हात केला. “मला ऑफिसला जायचंय. डोंगर चढायचा नाही.”

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. आई दाराजवळच्या स्टुलावर बसली. येऊ नकोस म्हणून तिला दोनदा सांगून झालं होतं. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली बाई सायकलच्या दुकानात येऊन करणार काय? पण आली.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. सायकल व्हरांड्यात तशीच उभी, आणि येता-जाता तिचं हँडल बरगडीत घुसायचं. हायब्रिड. शब्दसुद्धा असा, की खास बाबांसाठी काढलेला. जन्मभर माणूस तळ्यात-मळ्यात. चहा की कॉफी विचारलं तर “जे होणार असेल ते.” नकाशांच्या कचेरीत तीस वर्षं बसून दुसऱ्यांच्या रस्त्यांना रंग दिले, स्वतः कुठे म्हणून गेले नाहीत. आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा टूम निघाली: कचेरीलाही नेता येईल आणि तलावावरच्या मातीच्या वाटेवरही चालेल, अशी सायकल हवी.

चार महिने निवड चालली. चार महिन्यांत लोक लग्नं जमवतात आणि मोडतातसुद्धा. भाजीच्या भांड्याला टेकून माहितीपत्रकं उभी असायची. रोड बाइकचा टायर बारीक, खड्ड्यात गेला की संपला. माउंटन बाइकचा टायर जाड, डांबरावर ओढता ओढता जीव जाईल. मग मधली. मधलीत पुन्हा पुढे शॉकअब्सॉर्बर हवा, की नको? टायर किती रुंद? ब्रेक कुठले? रविवारी जेवायला आलेल्या मुलीचा घास हातातच राहायचा.

“बाबा, त्या वाटेवर तुम्ही जाणार आहात, की सायकल एकटीच जाऊन येणार?”

बाबा हसायचे. कोणी टोमणा मारला की हसायचं, एवढं एकच त्यांना न विचार करता जमायचं. आई पोळी वाढून आत जायची.

सायकल आली. त्यानंतरचे सगळे रविवार मुलीने ती व्हरांड्याच्या त्याच कोपऱ्यात पाहिली. “शोभेची आहे,” असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. “कोणी फुलदाणी ठेवतं, आमच्याकडे सायकल ठेवलीये.”

मिस्त्रीने सायकल स्टँडवर घेतली, पॅडल हाताने फिरवलं आणि चाकाकडे डोळा बारीक करून बघत राहिला.

“ताई, पुढचं ठीक आहे. मागचं चाक फार वापरलेलं आहे.”

“वापरलेलं?” मुलगी हसली. “घर ते कचेरी दोन किलोमीटर. त्यातला एक उताराचा.”

“डांबरावर चालली असती तर टायर मधोमध गुळगुळीत झाला असता. हा कडेनंही झिजलाय, बघा. आणि ही माती.” त्याने मडगार्डच्या आतून पेचकसाने खरवडलं. तांबडी खपली फरशीवर पडून फुटली. “तलावावरची. तिथला चढ सोडून ही दुसरीकडे कुठे लागत नाही.”

“गेले असतील एखाद्या वेळी.”

“एखाद्या वेळी?” आता मिस्त्री हसला, आणि ते हसणं तिला आवडलं नाही. “मागचे स्पोक मी दोनदा बदललेत, ताई. कॅरिअर बघा. मूळचं काढून वेल्डिंगवाल्याकडून जाड नळीचं करून घेतलं काकांनी. सायकल घ्यायच्या आधी सात वेळा आले होते इथे. घरी काय बोलत असतील ते असो, इथे एकच प्रश्न. मातीच्या वाटेवर मागचं चाक किती वजन पेलेल? मी म्हटलं, न्यायचंय किती? म्हणाले, बासष्ट किलो. मी म्हटलं, काका, सिमेंटचं पोतं पन्नासचं असतं! तर म्हणतात कसे, पोतं परवडलं रे बाबा, ते मागून ‘हळू, हळू’ म्हणून ओरडत नाही.”

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू अजून उतरलं नव्हतं. ते तिथेच अडकून बसलं. कोण ओरडत होतं मागून? बाबांच्या मागे, शोभेच्या सायकलवर, कोण बसत होतं?

“अठ्ठावन्न,” दाराकडून आवाज आला. “बासष्ट नव्हे. माझं वजन सांगायचं म्हटलं की चार किलो वाढवूनच सांगायचे.”

मुलगी वळली. आई स्टुलावरून उठली होती. भिंतीला धरत, एक पाय आधी टाकून दुसरा त्याच्याजवळ आणत ती स्टँडपाशी आली आणि कॅरिअरवर तिने हात ठेवला.

“तू?” मुलगी म्हणाली. “तलावावर?”

“शनिवारी सकाळी. वरच्या कट्ट्यापर्यंत. शेवटच्या चढाला तुझे बाबा उतरून ढकलायचे. मी म्हणायची, मीही उतरते. तर म्हणायचे, बस गप्प, तुझ्यासाठी तर घेतलीये.” आईने कॅरिअरवरची धूळ पदराने टिपली. “घरी आलो की लगेच पुसून ठेवायचे. रविवारी तू यायचीस ना.”

“पण मला का नाही सांगितलंत?”

आईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही.

“सांगणारच होतो गं,” ती म्हणाली. “पण तू हसली असतीस.”