ग्रहणात कापलेला केक

"आई, उद्याचं डोहाळजेवण नको करूया," अनुजा म्हणाली आणि मटकन सोफ्यावर बसली.

रत्नप्रभाबाई मोगऱ्याचा बाजूबंद गुंफत होत्या. सुनेच्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून दोहाला येऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता, आणि तेवढ्यात त्यांनी ओल्ड एअरपोर्ट वस्तीतल्या यच्चयावत मराठी बायकांना आमंत्रणं देऊन टाकली होती. त्यांनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं.

"का गं? पोटात दुखतंय?"

"नाही." अनुजा म्हणाली. उद्या बायका ओटी भरणार, 'गोरंगोमटं, देखणं बाळ होऊ दे' म्हणणार, आणि आपण हसून मान डोलवायची. ते तिच्याच्याने होणार नव्हतं. "बाळाचा वरचा ओठ दुभंगलेला आहे. स्कॅनमध्ये दिसलं. बाकी सगळं छान आहे, जन्मल्यावर तीन-चार महिन्यांनी ऑपरेशन करून शिवतात, असं डॉक्टर म्हणाल्या."

"मग?"

"मग काय, आई! माझ्यामुळे झालंय ते." आता बांध फुटला. "तुम्ही फोन करून बजावलं होतंत, आज ग्रहण आहे, सुरीला हात लावू नकोस. मी हो हो म्हटलं. आणि संध्याकाळी ऑफिसातल्या आंद्रियाच्या वाढदिवसाला लुसैलला गेले. तिने मेणबत्त्या विझवल्या आणि सुरी माझ्याच हातात दिली. सगळ्यांसाठी केकचे तुकडे मी कापले."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर अनुजाने तिला वेड्यात काढलं असतं. पण स्वतःच्या पोटच्या गोळ्याशी आलं की शहाणपण कुठल्या कुठे पळतं. ओठाचं नवऱ्याला, मयूरला, ठाऊक होतं, केकचं तिने त्यालाही सांगितलं नव्हतं.

रत्नप्रभाबाईंनी बाजूबंद खाली ठेवला. आता बोलणी बसणार म्हणून अनुजाने मान खाली घातली.

"मयूर! इकडे ये. उजवा हात दाखव हिला."

मयूर स्वयंपाकघरातून हात पुसत आला. "आई, अगं ते कशाला आता..."

"दाखव म्हणते ना. यल्ला!" आठवडाभरात बाईंनी 'चल, लवकर'साठीचा हा एक अरबी शब्द मात्र पक्का उचलला होता.

त्याच्या करंगळीच्या कडेला पांढुरका व्रण होता. "हे होय? मांज्याने कापलंय ना," अनुजा म्हणाली.

"कसला मांजा! सहावं बोट होतं तिथे. वर्षाचा झाला तेव्हा डॉक्टरांनी काढलं. आणि ऐक, याच्या वेळी मी ग्रहण कडक पाळलं होतं. अंधाऱ्या खोलीत, पाटावर बसून. सुरी नाही, सुई नाही, घोटभर पाणी नाही. पाठ खाजत होती तरी खाजवली नाही! आणि हा बघ, एक बोट जादा घेऊन आला."

अनुजा नवऱ्याकडे बघतच राहिली. "लग्नाच्या वेळी सांगितलं नाहीस ते!"

"जे बोटच उरलं नव्हतं, ते काय सांगायचं?" मयूर म्हणाला.

रडता रडताच तिला हसू फुटलं, आणि मग ते आवरेना. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच अशी हसत होती.

"आई, सहा बोटं बघून तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? दोनदा मोजली, आणि पाजायला घेतलं." रत्नप्रभाबाईंनी हात पुढे केला. "आण बघू माझ्या नातवंडाचा फोटो."

स्कॅनचा फोटो अनुजाने एकदाच ओझरता पाहिला होता. पुन्हा बघायचा तिला धीरच झाला नव्हता. मयूरने आपल्या मोबाइलवर तो काढून दिला. बाईंनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला, आडवा केला, आणि बराच वेळ न्याहाळला.

"ओठाचं डॉक्टर बघून घेतील," शेवटी त्या म्हणाल्या. "पण हे नाक तिकडे साताऱ्यात बसलेल्या तुझ्या सासऱ्यांचं आहे. त्याला काही इलाज नाही."

अनुजाने त्यांच्या हातून मोबाइल घेतला आणि फोटो बोटांनी मोठा केला. नाक खरंच सासऱ्यांचं होतं.