क्रेनवाल्याचा बाप्तिस्मा

क्रेनवाला तिसऱ्या पायरीवर थांबला. पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

"या काका," हौदात कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला मिशनरी म्हणाला.

"येतो," क्रेनवाला म्हणाला आणि जागचा हलला नाही.

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीतला तो हौद चार माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढाच होता. समोर घडीच्या खुर्च्यांवर दहा-बारा जण बसले होते. पहिल्या खुर्चीत क्रेनवाल्याची बायको. नवऱ्याचं हे नवं खूळ तिला मुळीच पटलेलं नव्हतं. पर्स मांडीवर घट्ट धरून ती त्याच्यावर नजर ठेवायला आली होती.

"सत्तर मीटर उंच क्रेनवर बसून डबा खातो हा माणूस," ती शेजारणीला म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "आणि न्हाताना डोक्यावर पाणी घेत नाही. ओल्या फडक्यानं पुसून निघतो."

लोक हसले. मिशनरीला हसू आलं नाही. त्याचं वय एकोणीस, वजन पंचावन्न किलो. घर सोडून चार महिने झाले होते आणि आजवर त्यानं कुणालाही बाप्तिस्मा दिला नव्हता. क्रेनवाला एकशे आठ किलोचा होता. हा माणूस आपल्या हातून निसटणार, हे सकाळपासून मिशनरीच्या मनातून जात नव्हतं.

क्रेनवाला एकदाचा उतरला. मिशनरीनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं, उजवा हात वर केला आणि ठरलेले शब्द म्हटले. शब्द थोडेच, पण एकही चुकून चालत नाही. मग पाठीला आधार देऊन त्यानं क्रेनवाल्याला मागे झुकवलं, पाण्यात नेलं आणि वर काढलं.

हौदाच्या दोन्ही काठांवर साक्षीदार उभे होते. एकीकडे मिशनरीचा जोडीदार, त्याच्याहून वर्षभर जुना मिशनरी. दुसरीकडे एक म्हातारा शिंपी. सबंध देह पाण्याखाली गेला की नाही, एवढंच त्यांनी बघायचं होतं.

"गुडघा वर राहिला," शिंपी म्हणाला.

"किती?" क्रेनवाल्यानं धापा टाकत विचारलं.

"राहिला म्हणजे राहिला. पुन्हा."

पुन्हा शब्द. पुन्हा हात पाठीला. या वेळी अर्ध्यावर गेल्यावर क्रेनवाल्याचा धीर सुटला. त्यानं मिशनरीच्या गळ्याला मिठी घातली. मिशनरीचा पाय फरशीवरून सरकला आणि दोघंही खाली गेले.

पाणी कमरेएवढंच होतं. पण अंगावर एकशे आठ किलो असले की तेवढं पुरतं. मिशनरीच्या नाकात पाणी गेलं. वर पांढरं काहीतरी हलत होतं. तो दिवा होता की स्वतःचाच हात, ते त्याला कळेना. संकटात देवाला हाक मारा, तो ऐकतो, असं चार महिने तो दारोदार सांगत आला होता. आत्ता त्याला हाक आठवली नाही. कुणाला मारायची तेही आठवलं नाही. मरायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

जोडीदारानं त्याची कॉलर धरून त्याला वर ओढलं.

"तू बाहेर ये," तो कानाशी म्हणाला. "मी उरकतो."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण दात इतके वाजत होते की शब्द फुटेना. पायरीवर बसून खोकणारा क्रेनवाला त्याच्याकडे बघत होता.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही, काका."

"खोटं बोलतोस? या कपड्यांत?"

मिशनरीनं अंगाला चिकटलेल्या, बाप्तिस्म्यासाठी घातलेल्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं.

"घाबरलो," तो म्हणाला. "खाली मला देव आठवलासुद्धा नाही."

तो हळूच बोलला होता, पण फरशीच्या खोलीत शब्द घुमला. जोडीदारानं मान खाली घातली.

क्रेनवाल्यानं तळव्यानं तोंड पुसलं.

"मला आठवला होता," तो म्हणाला. "पण हाताला तू लागलास."

तो उठला. जोडीदाराला म्हणाला, "तुम्ही राहू द्या. मी याच्याकडूनच घेणार." आणि आपण होऊन हौदाच्या मधोमध येऊन उभा राहिला.

तिसऱ्यांदा शब्द म्हणताना मिशनरीचा आवाज फाटला, पण शब्द चुकला नाही. त्यानं क्रेनवाल्याला खाली नेलं. कपाळ गेलं, गुडघे गेले. पाण्याखाली क्रेनवाल्याचे डोळे सताड उघडे होते. त्यानं मुठीत धरलेली मिशनरीची बाही सोडून दिली. क्षणभर मिशनरीला वाटलं, निसटला. मग होता नव्हता तेवढा जोर लावून त्यानं त्याला वर ओढलं.

शिंप्यानं मान हलवली. झालं.

क्रेनवाला मोठमोठ्यानं श्वास घेत पायऱ्या चढला. लोक त्याच्याभोवती जमले. कुणी टॉवेल आणला, कुणी पाठ थोपटली, कुणीतरी गाणं सुरू केलं. मिशनरी हौदातच राहिला. काठ धरलेले हात सुटत नव्हते.

क्रेनवाल्याच्या बायकोनं नवऱ्याचं डोकं खसाखसा पुसलं. मग तिनं वळून पाहिलं.

"अहो, त्या पोराला कुणी काढणार आहे का बाहेर?"

गाण्यात कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं पर्स खुर्चीवर ठेवली आणि चपलांसकट, आहे त्या कपड्यांनिशी ती पायऱ्या उतरली.

"हात दे."

"पाय हलत नाहीयेत, काकू."

"बरं," ती म्हणाली आणि कमरेएवढ्या पाण्यात त्याच्या शेजारी उभी राहिली.